कौन्सिल मोडताना

आल्डरथ्वेटची कौन्सिल, म्हणजे गावची नगरपालिका, मोडणार हे गावाला उन्हाळ्यातच कळलं होतं. लंडनमध्ये कुणा मंत्र्यानं ठरवलं, पेपरात आलं, खाटकाच्या दुकानातल्या रांगेत आठवडाभर त्यावर बोलणं झालं आणि मग लोक आपापल्या उद्योगाला लागले. मंगळवारी कचऱ्याचे डबे उचलले जात होते, दफनभूमीतलं गवत कापलं जात होतं. मग कौन्सिल एक असो की दुसरी, गावाला काय त्याचं?

मोइरा टॅलन्टायरला मात्र त्याचं सगळंच होतं. ती कौन्सिलच्या कर्मचारी विभागाची प्रमुख. जिल्ह्यातल्या लहान कौन्सिली मोडून एक मोठी कौन्सिल होणार, तिचं मुख्य ऑफिस ब्रॅकनबीला, म्हणजे तासाभराच्या रस्त्यावर. तर आल्डरथ्वेटची माणसं त्या मोठ्या घरात कुठं बसवायची, कुणाची खुर्ची राहणार आणि कुणाची जाणार, हे निस्तरणं तिच्या गळ्यात आलं. याआधीही तिनं अशा दोन फेरबदलांचं ओझं वाहिलं होतं. पहिल्या वेळी ती तरुण होती आणि तिला वाटलं होतं, आता काहीतरी चांगलं होईल. दुसऱ्या वेळी निदान वाईट होऊ नये एवढंच वाटलं. या वेळी काहीच वाटत नव्हतं. सकाळी गाडी लावली की दोन मिनिटं ती स्टीअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राही, मग आत जाई.

ब्रॅकनबीहून या कामासाठी गॅरेथ पिम नावाचा अधिकारी पाठवला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, रागवायला हक्काचं कुणीतरी मिळालं असतं. चाळिशीतला, नम्र, सायकलवरून स्टेशनला जाणारा, स्वतःचा कप स्वतः विसळणारा. त्यानं आल्या आल्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर पुढच्या महिन्यांचा आराखडा रंगीत कागदांनी चिकटवला. सप्टेंबर-ऑक्टोबर : ऐकणे. नोव्हेंबर : सांगणे. हिवाळाभर नेमणुका. फेब्रुवारीत सराव. आणि मार्चअखेरीस एक लाल कागद, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"त्या लाल कागदावर काय?" मोइरानं विचारलं होतं.

"त्यावर काय लिहावं मला सुचलं नाही," गॅरेथ म्हणाला. "समाप्त म्हणणं जरा कसंतरी वाटतं."

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी त्यानं तिला त्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मोइरा, खालचं लोकांसाठीचं काउंटर बंद होणार," तो म्हणाला. "काल ठरलं. एक एप्रिलपासून लोकांनी ब्रॅकनबीला फोन करायचा किंवा ऑनलाइन अर्ज भरायचा. आल्डरथ्वेटमध्ये समोरासमोर काही नाही."

मोइरानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली गाड्यांच्या रांगेत तिच्या बहिणीची, बेवची, छोटी निळी गाडी उभी होती.

"तुमची बहीण तिथं बसते," गॅरेथ म्हणाला. "मला माहीत आहे. तुम्हाला यातून बाजूला व्हायचं असेल तर मी समजू शकतो. पण खरं सांगू, इथल्या माणसांना ओळखणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. मी एकटा हे करायला गेलो तर कत्तल होईल."

"त्यांना कधी सांगायचं?"

"नोव्हेंबरात. सगळ्यांना एकदम, एकाच दिवशी. आधी युनियनला कळवावं लागतं, मग ठरावीक मुदत जाऊ द्यावी लागते. तोवर एकाला कळलं की सगळ्यांना कळणार आणि मग कोर्टकचेरी. तोवर हे आपल्या दोघांत."

"इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कधी काही बाहेर गेलेलं नाही," मोइरा म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

यात कौतुक होतं. मोइराला ते गळ्यात दगड बांधल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी कचऱ्याच्या गाड्यांच्या आवारात डेरिक मौन्सीनं तिला गाठलं. डेरिक गाड्यांवरच्या माणसांचा मुकादम. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिच्या वेण्या बाकाला बांधायचा. आता त्याचे गुडघे गेले होते आणि तो एका बाजूला झुकत चालायचा.

"मोइरा, एक खरं सांग. माझ्या माणसांचं काय होणार?"

"नोव्हेंबरात सगळ्यांना सांगणार आहेत, डेरिक."

"ते भिंतीवर लावलंय, मी वाचलं. मी तुला विचारतोय. दोघांना दगडाच्या खाणीवर काम मिळतंय, आत्ता हो म्हणायचं आहे. जा म्हणू की थांबा म्हणू?"

कचरा काही ब्रॅकनबीहून फोनवर उचलता येत नाही, त्यामुळे डेरिकच्या माणसांना धक्का नव्हता. हे मोइराला ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर त्या माणसाची झोप परत आली असती. पण एकाला चांगलं सांगितलं की दुसऱ्याला न सांगणं म्हणजेच वाईट सांगणं होतं.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"सांगता येत नाही म्हणजे वाईट आहे."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तू काहीच म्हणत नाहीस, तीच तर बोंब आहे," डेरिक म्हणाला आणि झुकत झुकत गाडीकडे निघून गेला.

रविवारी आईकडे जेवण असे. आई पंच्याऐंशीच्या घरात, बेवच्या शेजारच्याच घरात एकटी राहायची आणि भिंत ठोकून बेवला बोलवायची. दिवसेंदिवस दृष्टी अधू होत चालली होती, पण भाजलेलं मटण ती अजून स्वतः कापायची आणि कुणी सुरी मागितली तर सुरीच उगारायची.

त्या रविवारी बेव अगदी खुशीत होती. बेव मोइराहून सात वर्षांनी लहान, अंगानं भरलेली, हसली की शेजारच्या घरात कळावं अशी. नवरा कीथ ट्रक चालवायचा आणि जेवताना बोलायचा नाही.

"ऐका, मला मागणी आलीय," बेवनं बटाटे वाढून घेता घेता जाहीर केलं.

"तुझं लग्न झालंय," आई म्हणाली.

"नोकरीची गं! डॉक्टरांच्या दवाखान्यात. रिसेप्शनवर. त्यांची बाई ऑस्ट्रेलियाला लेकीकडे चाललीय कायमची. डॉक्टरबाई स्वतः काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, बेव्हर्ली, तूच ये. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे."

मोइराच्या हातातला काटा तसाच राहिला.

"मग जाणार?" कीथनं विचारलं. त्या दुपारचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"छे! आजारी माणसांत कोण दिवसभर बसणार? शिवाय काउंटरवर माझी सगळी माणसं आहेत. कुणाचं घर, कुणाची पेन्शन, कुणाचा शेजारी पानं जाळतो. मी नसले तर ती कुणाशी भांडणार?"

"दवाखान्यातही माणसंच येतात," मोइरा म्हणाली. आवाज हलका ठेवायचा तिनं प्रयत्न केला. "वाईट नाही हं ती नोकरी, बेव. घराजवळ आहे. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. नीट विचार कर."

बेवनं चमचा खाली ठेवला.

"झालं सुरू."

"काय सुरू?"

"मी कौन्सिलात लागले तेव्हापासून तुला मी तिथं नको आहे. मोइराच्या वशिल्यानं लागली असं कुणी म्हणेल ही तुला धास्ती. जिन्यात भेटलो तर बाईसाहेब ओळखसुद्धा दाखवत नाहीत!"

"मी तसं काही..."

"आता कुणी दुसऱ्यानं नोकरी देऊ केली की लगेच, जा बाई जा. बरं झालं, ब्याद टळली!"

"भांडायचं असेल तर माझा रस्सा गार होईपर्यंत थांबू नका, आत्ताच बाहेर जा," आई म्हणाली.

मग सगळे जेवले. खायला दिलं गुळाचं आणि तिला लागलं मिठाचं, असं मोइराला झालं. सूचना करायची म्हणून केली आणि उलटीच लागू पडली.

जेवणानंतर दोघी भांडी घासायला उभ्या राहिल्या. बेवचा राग कधी फार टिकत नसे. ती धुवत होती, मोइरा पुसत होती. बाहेर कीथ आईच्या छपराची पन्हळ साफ करत होता.

"मगाशी मी जरा जास्तच बोलले," बेव म्हणाली.

"असू दे."

"पण मोइरा, खरंच विचारते. काउंटर बंदबिंद होणार असं काही असतं तर तू मला सांगितलं असतंस ना?"

मोइराच्या हातात ओली बशी होती. तिनं ती पुसली, उलटी केली, पुन्हा पुसली. डेरिकचा चेहरा तिला दिसला, आवारात, झुकून उभा राहिलेला. त्याला तोंडावर नाही म्हणून आलेली, आणि आता बहिणीला स्वयंपाकघरात हळूच कानात सांगणार? मग उद्या त्या आवारात कुठल्या तोंडानं जाणार?

"मी कामाचं घरी बोलत नाही," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

बेव हसली. साबणाच्या हातानंच तिनं मोइराच्या दंडावर चापट मारली.

"माहीत आहे गं बाई. म्हणजे काही नाही. काही असतं तर तुझा चेहरा आईच्या या पातेल्यासारखा झाला असता."

मोइरानं पुढची बशी उचलली. मिठाची गुळणी तोंडात धरली की ती थुंकताही येत नाही आणि गिळताही येत नाही.

सोमवारी तिनं गॅरेथला विचारलं, निदान काउंटरच्या लोकांना तरी आधी सांगता येईल का? गॅरेथनं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. म्हणाला, "कारण विचारू का?" ती म्हणाली, "नको." त्यानं विचारलं नाही. "नाही करता येणार," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज जिना उतरताना तिला काउंटरवरून बेवचं हसणं ऐकू येई. बुधवारी बेव एका म्हाताऱ्याला सांगत होती, "आर्थर, तुमच्या कुत्र्यानं जिथं घाण केली तो बाक मी रोज वापरते, तेव्हा मला कायदा शिकवू नका." म्हातारा खूश होऊन गेला. मोइरा मागच्या दारानं बाहेर पडली.

गुरुवारी संध्याकाळी काम संपल्यावर ती घरी न जाता बेवकडे गेली. रस्ताभर तिनं वाक्य जुळवायचा प्रयत्न केला. दवाखान्याला हो म्हण, का ते विचारू नकोस. एवढंच म्हणायचं. कारण सांगितलं नाही म्हणजे सांगितलं नाही. मग वाटलं, हीच पळवाट डेरिकला का नाही दिली? दाराशी पोचेपर्यंत तिचं काही ठरलेलं नव्हतं.

दार कीथनं उघडलं. बेव आत टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसली होती.

"अरे वा! मधल्या वारी बाईसाहेब! कुणी गेलं की काय?"

"सहजच आले," मोइरा म्हणाली. "त्या दवाखान्याचं काय ठरलं?"

"दुपारीच फोन केला. नाही म्हणून सांगितलं. उद्यापर्यंत कशाला त्यांना टांगून ठेवायचं? आता त्या पोस्टमास्तरच्या सुनेला घेणार आहेत. चहा घेणार ना?"

मोइरानं चहा घेतला. आल्याच्या केकचा तुकडाही घेतला. अर्ध्या तासानं ती उठली. आपण सांगणार होतो की नव्हतो, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि पुढंही कधी कळलं नाही. पण उठताना आपल्याला किंचित सुटल्यासारखं वाटलं हे तिला नीट आठवत राहिलं. त्याचीच तिला पुढं जास्त लाज वाटली.

नोव्हेंबरात एका बुधवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. भिंतीवर जुन्या महापौरांच्या तसबिरी, खाली खुर्च्यांवर कोट घातलेली माणसं. हीटर चालत नव्हते. गॅरेथ बोलला. चांगला बोलला, शब्दांवर साखर पेरली नाही. गाड्यांवरचे लोक जसेच्या तसे जातील म्हटल्यावर मागच्या रांगेतून मोठा सुस्कारा आला. डेरिकनं टोपी काढली आणि परत घातली. त्याची दोन माणसं कधीच खाणीवर गेली होती. मग गॅरेथ काउंटरवर आला.

बेव तिसऱ्या रांगेत होती. ती गॅरेथकडे बघतच नव्हती. वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिनं मान वळवली आणि मोइराकडे पाहिलं. मोइरानं नजर खाली घातली नाही, तेवढं तिच्याच्यानं झालं.

तासाभरानं बेव वर तिच्या खोलीत आली. दार लावलं नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

"आईकडे जेवलो तेव्हा?"

"हो."

"भांडी घासताना?"

"हो, बेव."

"आणि त्या गुरुवारी घरी आलीस, माझा केक खाल्लास, तेव्हा?"

"तेव्हाही."

"कशाला आली होतीस मग?"

"मला माहीत नाही."

बेवचा आवाज चढला नाही. ती ओरडली असती तर मोइराला झेपलं असतं.

"मी डेरिकलाही नाही सांगितलं," मोइरा म्हणाली. "त्यानंही विचारलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. मग तुला कसं..."

"डेरिक तुझी बहीण आहे का?"

बेव जिना उतरून खाली गेली. काउंटर उघडं होतं आणि रांग लागलेली होती.

त्यानंतर हिवाळाभर दोघींचं बोलणं बंद. मोइराचे दिवस मुलाखतींत जात. एकेक जण समोर येऊन बसे. पंचवीस-तीस वर्षं तेच काम केलेली माणसं आपण ते काम का करू शकतो हे समजावून सांगत, आणि शेजारी बसलेली ब्रॅकनबीची एक तरुण मुलगी मान डोलवत गुण देई. एक जण रडला. बागा बघणाऱ्यानं मुलाखत द्यायचंच नाकारलं. म्हणाला, "झाडं बघा, ती सांगतील," आणि निघून गेला. त्याला परत बोलवायला मोइरा दोनदा त्याच्या घरी गेली, तेव्हा कुठं तो आला. घरी परतल्यावर ती डबाबंद सूप गरम करी आणि कोटही न काढता खाई.

नाताळ बेवकडे झाला, मोइराला निरोप नव्हता. आईनं दुसऱ्या दिवशी तिला बोलावून उरलेलं खायला घातलं आणि तासभर झापलं.

"सांगायचं होतंस."

"सगळ्यांना नाही म्हटलं आणि तिला सांगितलं असतं, तर ते बरोबर झालं असतं का, आई?"

"बरोबर नसतं झालं," आई म्हणाली. "तरी सांगायचं होतंस. मी तुला खोटारडी होऊ नकोस म्हणून वाढवलं, दगड हो असं नव्हतं सांगितलं."

"आणि ती? तिनं एकदा तरी..."

"तिलाही झापलंय. दोघी माझ्याच पोटच्या आणि डोकं एकीलाही नाही. आणखी सॉस घे."

जानेवारीत डेरिक आवारात भेटला. त्यानं टोपीला हात लावला.

"मोइरा, आम्ही पोरांत बोलत होतो. तू स्वतःच्या बहिणीलासुद्धा सांगितलं नाहीस. आम्हाला वाटलं होतं, तुझ्या घरात सगळं आधीच माहीत असणार. माफ कर, मी तुझ्याबद्दल वाईटसाईट बोललो होतो."

"असू दे, डेरिक."

"अशी माणसं राहिली नाहीत आता."

त्याला वाटलं तिला बरं वाटेल. गाडीत बसल्यावर मोइरानं बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडून गेल्यावर गॅरेथ तिच्या खोलीत आला आणि बसला. त्याचे डोळे सुजलेले होते. भिंतीवरच्या आराखड्यात त्या महिन्यापुढे सराव असं लिहिलं होतं, आणि सराव बहुधा बरा झाला नसावा.

"ब्रॅकनबीची फोनची व्यवस्था तयार नाही," तो म्हणाला. "चाचणीला तीनातला एक फोन तुटतोय. ऑनलाइन अर्ज तर भलत्याच गावाला जातायत. वरचे साहेब घाबरलेत. सगळ्या गावांची काउंटरं चालू ठेवायची असं ठरलं. निदान येत्या शरद ऋतूपर्यंत. मग बघू."

मोइरानं समोरची फाइल मिटली.

"म्हणजे आल्डरथ्वेटचं काउंटर बंद होत नाही."

"सध्या तरी नाही. तुमच्या बहिणीला विचारायचं आहे थांबेल का. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल."

मोइराला हसू आलं. बराच वेळ ते थांबेना. गॅरेथनं उठून पाणी आणलं. तिनं ते प्यायलं आणि रुमालानं डोळे पुसले.

"मी सांगते तिला," ती म्हणाली.

ती जिना उतरून खाली गेली. समोरच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. काउंटरपाशी एक बाई पार्किंगचा दंड भरत होती. मोइरा तिच्या मागं रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर बेवनं वर पाहिलं.

"काय हवंय?" परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

मोइरानं गॅरेथचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, आपल्या पदरचं काही घातलं नाही. बेव पेनाच्या टोपणाशी चाळा करत ऐकत होती.

"म्हणजे ज्याच्यासाठी तू गप्प बसलीस ते खरंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"तेव्हा खरं होतं."

"आणि माझा दवाखाना गेला."

"हो."

"पोस्टमास्तरची सून तिथं बसते. परवा मी खोकल्याचं औषध आणायला गेले तर मलाच म्हणते, स्पेलिंग सांगा नावाचं." बेवचे ओठ थरथरले, ते हसण्यानं की कशानं, कळलं नाही. "थांबते म्हणून सांग त्याला. लोकांच्या प्रेमापोटी नाही हं. दुसरं काही हातात नाही म्हणून."

"सांगते."

"आणि शरदात? तेव्हा काय होणार ते तुला आत्ताच माहीत असेल."

"नाही. कुणालाच माहीत नाही. आणि शरदात मी नसेन."

हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेली आणि मग ते खरंच असल्याचं तिला जाणवलं. ब्रॅकनबीला तिच्यासाठी खुर्ची तयार होती, खोली मोठी होती. एप्रिलपासून पुढच्या महिन्यांचा नवा आराखडा तिनंच करायचा होता, पुन्हा रंगीत कागद, पुन्हा ऐकणे आणि सांगणे. तिच्यात आता त्यासाठी त्राण उरलं नव्हतं.

बेवनं पेन खाली ठेवलं.

"जाणार? तू? मग माझं काय होणार ते मला कोण नाही सांगणार?"

"कुणीतरी परकं," मोइरा म्हणाली. "ते बरं."

मागं उभ्या असलेल्या माणसानं घसा खाकरला आणि मोइरा बाजूला झाली.

गॅरेथला तिनं त्याच दुपारी सांगितलं. त्यानं दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. "मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं का, कोण जाणे," तो म्हणाला. "मला दोन मुलं आहेत." मार्चच्या अखेरीस सभागृहात चहा आणि सँडविच झाले. महापौरांनी गळ्यातली पदाची साखळी काढून पेटीत ठेवली. भाषणं लांबली, चहा गार झाला. डेरिकच्या माणसांनी मोइरासाठी पैसे जमवून बागेतला एक गुलाब आणला होता, मुळांसकट, गोणपाटात गुंडाळलेला. बेव सभागृहात आली होती, पण दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि लवकर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची पाटी बदलली, आणि काउंटर नेहमीच्या वेळी उघडलं.

एप्रिलच्या मध्यावर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. हॉस्पिटल ब्रॅकनबीला. बेवनं रजा घेतली, पण तिची गाडी चालू होईना, कीथ ट्रकवर होता. तिनं भिंत ठोकून आईला सांगितलं, आईनं मोइराला फोन केला. मोइरा आता घरीच असे.

तासाभराचा रस्ता आई पुढं बसून एकटी बोलत होती. मागच्या सीटवर बेव खिडकीबाहेर बघत होती. कोकरं सुटली होती कुरणात. हॉस्पिटलात आईला आत नेलं आणि दोघी बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या, मधे एक खुर्ची मोकळी सोडून.

बऱ्याच वेळानं बेव उठली. परत आली तेव्हा हातात यंत्रातल्या चहाचे दोन कप होते. एक तिनं मोकळ्या खुर्चीवर ठेवला.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"चहा आणला म्हणून गैरसमज नको."

"नाही करत."

मोइरानं कप उचलला. चहा पाणचट होता आणि कपाला सुपाचा वास येत होता. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत पीत राहिल्या.

"नवा साहेब आलाय," बेव थोड्या वेळानं म्हणाली. "पिमच्या जागी. पहिल्याच दिवशी म्हणतो, आपण सगळे एक कुटुंब आहोत. मी म्हटलं, असं असेल तर साहेब, मला सांभाळून राहिलं पाहिजे."

मोइराच्या नाकातून चहा आला. बेवनं तिच्याकडे न बघता पर्समधून रुमाल काढून दिला.

तेवढ्यात दार उघडलं आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई नर्सच्या हाताला धरून बाहेर आली. दुसऱ्या डोळ्यानं तिनं दोघींना शोधून काढलं.

"किती वेळ लावला यांनी," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघी इथं चहा पीत बसलात होय? मला कोण देणार?"

"मी आणते," मोइरा म्हणाली आणि उठली.

"तुला त्या यंत्राचं कळणार नाही," बेव म्हणाली. "बस तू. मी जाते."